मामांच्या डीटीपी मशीनच्या नोंदी: दुपारी रीस्टार्ट, सकाळी निळा स्क्रीन

शनिवार, २२ मार्च २०२५, दुपार

कराडला मामांचं डीटीपीचं, म्हणजे पत्रिका वगैरे संगणकावर जुळवण्याचं, दुकान आहे; तिथलं मशीन. चौथ्या पिढीचा आय-५, एच८१ बोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. खरेदी २०१४ ची.

तक्रार अशी: कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडताना अडकतं, अधूनमधून निळा स्क्रीन येतो, आणि दुपारी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. ओळखीच्या मेकॅनिकने दिवाळीपासून दोनदा विंडोज मारून दिलं. दर वेळी आठ-पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे. फॉरमॅट म्हटलं की मामांच्या पोटात गोळा येतो. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), त्याचा ड्रायव्हर, स्कॅनर, प्रिंटर हे सगळं परत बसवण्यात अख्खा दिवस जातो, आणि लगीनसराईत दिवस घालवणं परवडत नाही.

मेकॅनिकचं निदान व्हायरस, मामांचं निदान हार्ड डिस्क.

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टिम लॉगला ४१ आणि ६००८ हे नोंदींचे दोन क्रमांक फिल्टर म्हणून दिले; दोन्ही मशीन अवचित बंद पडल्याच्या नोंदी. कर्नल-पॉवर ४१ ची रांगच लागली. ही नोंद दिसली की लोक थेट एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून मोकळे होतात. पण ४१ एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कामाची गोष्ट डिटेल्स टॅबमध्ये, बगचेक कोडच्या, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या कारणाच्या क्रमांकाच्या, ओळीत असते. तिथला आकडा साधा दशमान असतो, निळ्या स्क्रीनवरचे कोड मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, असतात. त्यामुळे २६ दिसलं तर ते ०एक्स१ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ०एक्स५०, पेज फॉल्ट. आणि शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन काढण्याइतकाही अवधी मिळाला नाही: वीज तुटली, किंवा मशीन गोठलं आणि कोणीतरी बटण दाबून बंद केलं.

इथे बहुतेक नोंदी शून्याच्या, मधे मधे २६ आणि ८०. वहीत दोन रकाने पाडले. ४१ ची वेळ ही पुन्हा सुरू झाल्याची असते. बंद पडल्याची वेळ ६००८ च्या मजकुरात सापडते, तीही थोडी मागेपुढे. त्या वेळा उतरवल्यावर शून्यवाल्या जवळजवळ सगळ्या दुपारी तीन ते साडेपाचमधल्या निघाल्या. २६ आणि ८० ला वेळेचं बंधन नाही, सकाळी दुकान उघडल्या उघडल्याही आहेत.

म्हणजे दुखणी दोन असावीत. डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची, एकही नोंद नाही, तेव्हा प्रोसेसर स्वतःहून काही कुरकुर करत नाहीये.

२२ मार्च, संध्याकाळ

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कला पिवळा, म्हणजे सावधानतेचा, रंग दिला. मामा लगेच म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

पिवळ्या रंगावर थांबू नये, आकडे बघावेत. हे सॉफ्टवेअर रॉ व्हॅल्यू आपणहून हेक्समध्ये दाखवतं. फंक्शन मेन्यूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ते दशमान करून घेतलं. चालू तास ३१ हजारांवर. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य. करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न येणाऱ्या जागा) ८. आणि १९९ क्रमांकाला, म्हणजे यूडीएमए सीआरसी एररला, १४१२.

आठ पेंडिंग ऐकून धस्स होतं, पण या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे आणि मोजणी ५१२ च्या हिशोबाने होते. आठ म्हणजे डिस्कवरची एकच जागा वाचता येत नाहीये. १४१२ चा डिस्कच्या तबकडीशी संबंध नाही. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये वाटेत डेटा बिघडतो तेव्हा हा आकडा वाढतो, आणि तिथे पहिला संशयित साटा केबल. ती झाकणाला दाबून काटकोनात मुडपलेली होती. हा आकडा पुन्हा कधी शून्यावर येत नाही. म्हणून तो लिहून ठेवायचा आणि वाढतो का ते बघायचं.

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लाँग टेस्ट लावली. दीड-एक तासाने ‘रीड फेल्युअर’ आणि पहिल्या चुकीच्या सेक्टरचा क्रमांक मिळाला. तोही वहीत.

आता आधी डेटा. पण कॉपी या मशीनवर करायची नाही असं ठरवलं. २६ आणि ८० मुळे रॅमवर संशय आहे, आणि कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅम खोटी असेल तर चांगल्या फाइलची बिघडलेली प्रत तयार होईल आणि कोणाला कळणारही नाही. दोनदा विंडोज मारूनही का टिकलं नाही याचं उत्तरही बहुधा हेच: नवं विंडोज त्याच रॅममधून डिस्कवर उतरलं.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबी अ‍ॅडॉप्टरने जोडली. साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, बिघडत्या डिस्कची प्रत काढणारं, डीडीरेस्क्यू चालू केलं. पहिल्या फेरीला ‘-एन’ पर्याय, म्हणजे अडलेल्या जागेशी झटापट न करता पुढे जातं. मॅपफाइल द्यायला विसरू नये, ती असेल तर मधे लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

डिस्क निघाल्यामुळे दुकानातलं मशीन मोकळंच होतं. त्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावून कुलूप घातलं. त्याला डिस्क लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं.

रविवार, २३ मार्च

सकाळी शटर वर केलं तर स्क्रीनवर लाल ओळी. पहिली फेरी स्वच्छ, चुका दुसऱ्या फेरीपासून. रॅम तापल्यावरच चुकते, असा अंदाज. लाल ओळींत दोन रकाने महत्त्वाचे: काय अपेक्षित होतं आणि काय सापडलं. अपेक्षित सगळे एफ, सापडलं त्यात एका जागी ई. एफ म्हणजे चारही बिट १, ई म्हणजे त्यातला शेवटचा ०. बहुतेक ओळींत ई त्याच जागी आहे आणि पत्ते एकमेकांच्या जवळचे. सगळीकडे विस्कळीत चुका असत्या तर बोर्ड, सेटिंग किंवा वीजपुरवठ्याकडे बघितलं असतं. एकच बिट आणि एकच पट्टा म्हटल्यावर स्टिकमधली चिपच असणार.

काल दुपारी विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिकही चालवलं होतं. ‘कोणतीही अडचण आढळली नाही’ असा निकाल आला होता. ते आपणहून स्टँडर्ड पातळीवर चालतं. चालू असताना एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडता येतं आणि फेऱ्या वाढवता येतात. पण माझं मत, ते चूक दाखवेल तर विश्वास ठेवावा, ‘ठीक आहे’ म्हणालं तर ठेवू नये.

मग एकेक स्टिक. पहिली स्वच्छ. दुसरीत चुका. इथे प्रत्येक मेकॅनिकचा एक विधी असतो, तो केला: सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, स्लॉटमध्ये ब्लोअर मारला. कधी कधी याने खरंच काम होतं, कारण दातांवर काळपट थर बसलेला असतो. इथे झालं नाही. दुसरीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली तरी चुका तिच्याबरोबर तिकडे गेल्या. स्लॉट निर्दोष, बोर्ड निर्दोष, स्टिक बाद. या अदलाबदलीत रविवार संपला, कारण चूक दुसऱ्या फेरीनंतर येत असेल तर दर वेळी दोन फेऱ्या थांबावंच लागतं.

डीडीरेस्क्यू तोवर संपलं. पुढे ‘-आर३’ देऊन उरलेल्या जागेवर तीन प्रयत्न केले. शेवटी ४०९६ बाइट गेले ते गेलेच. पार्टिशनची सुरुवात वजा करून तो सेक्टर, कोणत्या सेक्टरवर कोणती फाइल आहे ते सांगणाऱ्या, एनटीएफएसक्लस्टरला दिला, तर तो एका जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलमध्ये निघाला. मामांना नाव वाचून दाखवलं. "त्याला आता दुसरं पोर झालं. जाऊ दे."

एका स्टिकवर आणि माझ्याकडच्या एका फालतू जुन्या डिस्कवर मशीन आठवडाभरापुरतं चालू करून दिलं.

शनिवार, २९ मार्च

सामान आलं. ४८० जीबीची एसएसडी २,७५० रुपये, ८ जीबीची डीडीआर३ स्टिक १,२००, साटा केबल ८०, थर्मल पेस्ट १५०, बोर्डाचा सीआर२०३२ सेल ४०.

नवी स्टिक एकटी लावून आधी मेमटेस्ट. नवं सामान म्हणजे चांगलं सामान असं नसतं, आणि परत द्यायची मुदत थोडी असते. चार फेऱ्या स्वच्छ. मगच विंडोज. डिस्कची इमेज हाताशी होती, पण ती एसएसडीवर उतरवली नाही. त्यातलं विंडोज खोट्या रॅममधून गेलेलं आहे, विंडोजची कोणती डीएलएल फाइल कुठे बिघडली हे शोधत कोण बसणार. सगळं कोरं केलं. यूएसबी लॉकचा ड्रायव्हर सोडला तर बाकी तासाभरात आटोपलं. लॉकने संध्याकाळ खाल्ली.

शून्यवाल्या नोंदींचा प्रश्न बाकी होता. दुपारी होतं म्हणजे उष्णता, हा सगळ्यांचा तर्क. तापमान आणि व्होल्टेज दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये सेन्सर उघडून, मशीनवर मुद्दाम भार टाकणाऱ्या ओसीसीटीचा ताण दिला तर काही मिनिटांत ९९ अंश. हीटसिंकच्या फटींत कागदाचं पीठ नमद्यासारखं बसलेलं, आणि चार पुश-पिनांपैकी एक वर आलेली. साफ केलं, पेस्ट लावली, पिन नीट बसवली. त्याच ताणाला ७० च्या आत.

खरं तर उष्णतेवर माझा पूर्ण भरवसा नव्हता. हे प्रोसेसर शंभरच्या आसपास गेले की आधी वेग कमी करतात, लगेच बंद पडत नाहीत. पण डोळ्यासमोर ९९ दिसल्यावर ते दुरुस्त न करणं कसं जमेल?

तिथेच एक अर्धा तास वाया. एचडब्ल्यूइन्फोमध्ये १२ व्होल्टच्या ओळीला ७.९ दिसत होतं. तेवढे खरे असते तर मशीन चालूच झालं नसतं. एटीएक्सच्या, म्हणजे एसएमपीएसच्या मानकाच्या, नियमाने १२ ची ओळ ११.४ ते १२.६ मध्ये लागते. मल्टिमीटरची टोकं मोलेक्सच्या, म्हणजे एसएमपीएसच्या चार पिनांच्या जोडाच्या, पिवळ्या आणि काळ्या वायरला लावली: रिकामं १२.०, ताण देऊन ११.९. या बोर्डाचा सेन्सर सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही, बास. व्होल्टेजच्या बाबतीत सॉफ्टवेअरला विचारावं, पण शेवटचा शब्द मीटरचा.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

मामांचा फोन. "गुढी उभारली आणि दुकान उघडलं. चार वाजता मशीन गेलं."

फोनवरच ४१ उघडायला लावलं. बगचेक कोड शून्य.

रॅम नवी, डिस्क नवी, विंडोज नवं, तापमान ठीक. मशीनच्या आतलं बहुतेक सगळं तपासून झालं होतं. उरला एसएमपीएस किंवा डब्याबाहेरचं जग. मामांना एक काम सांगितलं: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस, ऑपरेशनल, त्यावर राइट क्लिक, एनेबल लॉग. हा लॉग मुळात बंद असतो. प्रिंटरचाच का? कारण दुपारी चारनंतर काय काम असतं असं विचारल्यावर मामा म्हणाले, स्क्रीन प्रिंटिंगसाठी बटर पेपर काढतो, पाचला स्क्रीनवाल्याचा मुलगा न्यायला येतो.

शनिवार, ५ एप्रिल

आठवड्यात तीनदा गेलं. तिन्ही वेळा ६००८ च्या वेळेआधी प्रिंटसर्व्हिसमध्ये ८०० आणि ८०१ आहेत, म्हणजे काम स्पूल झालं, म्हणजे रांगेत लागलं, आणि छापायला लागलं. ३०७ मात्र नाही. ३०७ ही नोंद छापून झाल्यावर पडते. म्हणून नुसतं ३०७ शोधणाऱ्याला इथे काहीच सापडलं नसतं. शिवाय तिन्ही कामांच्या आधी तास-दोन तास प्रिंट निघालेली नाही. गार प्रिंटरचं पहिलं पान.

चार वाजता दुकानात सगळे गप्प बसून पहिलं पान सोडलं. प्रिंटर घरघरला, ट्यूबलाइट किंचित मंदावली आणि टेबलाखाली यूपीएसमध्ये ‘टक्’ आवाज झाला. लगेच दुसरं ‘टक्’ आणि अंधारी स्क्रीन.

टेबलाखाली वाकून बघितलं: लेझर प्रिंटर यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. लेझर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे शाई वितळवून कागदावर बसवणारा भाग, गार अवस्थेतून तापताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला लावू नका असं यूपीएसवाले सांगतातच, फक्त ते कागदावर असतं आणि कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो.

दुपारीच का, तेही मीटरने उलगडलं. सकाळी सॉकेटला २३० च्या आसपास व्होल्ट होते, तेव्हा पहिलं पान निघालं तरी यूपीएस जागचा हलत नव्हता, वीज आरपार जात होती. चार वाजता मूळचेच २०७. फ्यूझर पेटला की १९० च्या खाली. यूपीएसला वाटतं लाइट गेली, तो बॅटरीवर उडी मारतो, आणि म्हाताऱ्या बॅटरीवर एका दमात मशीन, मॉनिटर आणि फ्यूझर येतो. ती बसते. या यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे विंडोजला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या बाजूने फक्त शून्य.

प्रिंटरची पिन काढून समोरच्या भिंतीच्या सॉकेटला लावली. खर्च: एक १६ अँपिअरचा प्लग आणि थोडी वायर. पुन्हा गार करून पुन्हा पान सोडलं. ट्यूब अजूनही मंदावते, यूपीएस ‘टक्’ करतो, पण मशीन चालू राहतं.

शनिवार, १२ एप्रिल

जुन्या फाइल्सचं काय? खोट्या रॅमने किती महिने काम केलं कोणास ठाऊक. रोज एकेक उघडून बघणं शक्य नव्हतं.

कोरलड्रॉच्या एक्स४ पासून पुढच्या सीडीआर फाइल आतून झिप असतात, आणि झिपमध्ये प्रत्येक तुकड्याचा सीआरसी, म्हणजे तो बिघडला का हे पडताळणारा आकडा, असतो. म्हणून सगळं फोल्डर निवडून सेव्हन-झिपला ‘टेस्ट आर्काइव्ह’ सांगितलं. एक्सटेंशन बदलायची गरज पडली नाही. रात्रभरात यादी आली. दिवाळीनंतर सेव्ह झालेल्या काही फाइल नापास, त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या पास. नापासांपैकी निम्म्या ग्राहकांना पाठवलेल्या पीडीएफवरून परत उभ्या करता येतील असं ऑपरेटर ताई म्हणाल्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुन्या ११-१२ आवृत्तीत सेव्ह केलेल्या फाइल झिप नसतात, त्यांना हा डाव लागू नाही. आणि सीआरसी जुळला म्हणजे मजकूर बरोबर असं नाही. सेव्ह व्हायच्या आधीच रॅममध्ये अक्षर फिरलं असेल तर सीआरसी त्या फिरलेल्या अक्षराचाच निघतो. म्हणून जुनी पत्रिका पुन्हा वापरायची तर प्रूफ वाचायचंच, असं ताईंनी भिंतीवर चिकटवलं.

शनिवार, २६ एप्रिल

प्रिंटर हलवल्यापासून शून्याची एकच नोंद आहे. त्या दिवशी खरोखरच लाइट गेली होती आणि यूपीएसने अर्धा मिनिटही तग धरला नाही. २६ आणि ८० एकदाही नाही. एसएसडीचा १९९ अजून शून्यावर आहे, तेव्हा केबल आणि बोर्डाचा पोर्ट दोन्ही ठीक. जुन्या डिस्कवर पूर्ण लिहून बघितलं: पेंडिंग ८ चे शून्य झाले आणि रीअ‍ॅलोकेटेड वाढलं नाही, म्हणजे ती जागा लिहिल्यावर परत वाचता येऊ लागली. तरी ३१ हजार तासांची डिस्क कामाला लावणार नाही. सिनेमे ठेवायला मामेभावाला दिली.

सामानाचे ४,२२० रुपये, वर प्लग-वायर. एसएमपीएस बदलला असता तर दोन-अडीच हजार आणखी गेले असते आणि पाडव्याचा फोन आलाच असता.

राहिलेलं: यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी पावसाळ्याआधी. आणि विंडोज १० च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५, चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मामांना सांगितलं. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. यूएसबी लॉकवालं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालतं का, हे तोवर माझ्या लॅपटॉपवर लॉक लावून बघतो.